कोऱ्या पत्राला दिलेले उत्तर

(लोणंद येथील रसिक श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

लोणंद हे गाव महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे परिचित आहे. एक येथील कांद्याची बाजारपेठ आणि दुसरा माउलींचा मुक्काम. दरवर्षी आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेच्या पात्रात स्नान घडते, पालखी सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो आणि लोणंदला विसावतो. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबाही आरफळचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. तेव्हा लोणंदमध्ये कोणत्याही विषयावर बोलायचे झाले, तरी आरंभ माउलींपासूनच व्हावा, हे स्वाभाविक आहे. आजचा विषय तर असा आहे, की त्याची सुरुवात माउलींशिवाय होऊच शकत नाही.

विषय आहे, नामवंत कवी-कलावंतांना येणारी चाहत्यांची पत्रे आणि त्यांनी दिलेली उत्तरे. वरवर पाहता विषय लहान वाटतो. परंतु मराठी भाषेतील एक थोर तत्त्वकाव्य हे मुळात एका पत्राचे उत्तर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

चांगदेवांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ते ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावे, तर ते कोवळे पोर. अखेर त्यांनी कोरेच पत्र पाठविले. ते पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, की इतकी वर्षे जगून हा योगी कोराच राहिला. पण निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना त्या कोऱ्या पत्राचे उत्तर लिहावयास सांगितले. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच 'चांगदेव पासष्टी'.

या कथेत एक मर्म आहे. पत्र पाठविणाऱ्याला काय विचारावे, हेसुद्धा कळलेले नव्हते. उत्तर देणाऱ्याने त्या कोरेपणाचा उपहास केला नाही. कोऱ्या कागदामागची तळमळ त्याने वाचली आणि आपल्याजवळचे सर्वोत्तम ज्ञान त्या कागदाच्या उत्तरादाखल पाठवून दिले. शिकू पाहणाऱ्याने अर्धवट, अडखळत केलेल्या पृच्छेला जाणत्याने पूर्ण उत्तर द्यावे, हा संस्कार मराठी वाङ्मयाच्या पायातच घातला गेला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा संस्कार ज्यांनी आपल्या परीने पाळला, असे एक कवी म्हणजे कविवर्य सुरेश भट.

अमरावतीचा गाणारा कवी

सुरेश भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावती येथे झाला. वडील डॉक्टर, आई काव्यप्रेमी. अडीच वर्षांचे असतानाच पोलिओने त्यांचा उजवा पाय अधू केला. मैदान गाजविण्याच्या वयात ज्या मुलाच्या वाट्याला घर येते, तो मुलगा दोन दिशांना जाऊ शकतो. एक तर तो कुढत बसतो, नाहीतर आपल्यापुरते एक वेगळे मैदान शोधतो. भटांना ते मैदान सुरांमध्ये आणि शब्दांमध्ये सापडले. घरात बाजाची पेटी आली, गाण्याचे धडे झाले, बासरी हाताशी आली. आईने कवितेची गोडी लावली. पुढे व्यासपीठावरून आपल्या गझला ते स्वतःच तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन सादर करीत. त्यांना ऐकलेल्या रसिकांना त्या मैफली विसरता आलेल्या नाहीत.

हे सांगण्याचे कारण असे, की त्यांची कविता कागदावर जन्मण्याआधी कानात जन्मत असे. शब्द, सूर आणि लय ही त्यांच्या लेखी तीन वेगळी दालने नव्हती. म्हणूनच नवोदितांच्या कवितेतली चूक त्यांना आधी ऐकू येई आणि मग दिसे.

त्यांचे विद्यार्थिजीवन सरळ रेषेत गेले नाही. पदवीच्या अंतिम वर्षात अपयश पत्करून ते १९५५ मध्ये बी. ए. झाले. खेड्यापाड्यांत शिक्षकी केली. १९६१ मध्ये 'रूपगंधा' हा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्या संग्रहाविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. पंडित हृदयनाथ मंगेशकरांना मुंबईत जुन्या पुस्तकांच्या ढिगात हा संग्रह सापडला, त्यातील कवितांनी ते भारावले आणि त्यांनी या अपरिचित कवीचा शोध घेतला. पुढे या कवी-संगीतकारांच्या जोडीने मराठी भावसंगीताला जे दिले, ते आपण सारे जाणतोच. ज्या कवीचे पहिले पुस्तक पदपथावरून एका जाणत्याच्या हाती पडले, त्याला दूरच्या गावातून आलेल्या अनोळखी पत्राची किंमत कळावी, यात नवल नाही.

पत्र लिहिणारा कोण असतो?

आज हातातल्या यंत्रावर बोट फिरविले, की कवीचा आवाज, त्याचे पुस्तक आणि त्याच्या पुस्तकावरची दहा मते समोर येतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तसे नव्हते. त्या काळातील लोणंदसारख्या गावातल्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. आकाशवाणीवर एक गाणे ऐकून तो अस्वस्थ झाला आहे. वहीच्या मागच्या पानावर त्याने तशाच चालीत चार ओळी लिहिल्या आहेत. त्या बऱ्या आहेत की वाईट, हे सांगणारे गावात कोणी नाही. जवळच्या वाचनालयात कादंबऱ्या आहेत, चरित्रे आहेत. पण गझल कशी लिहावी, हे सांगणारे पुस्तक नाही. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळात त्याला ओळखणारे कोणी नाही. मासिकाकडे कविता पाठविली, तर ती 'साभार परत' येते, आणि का परत आली, हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही.

अशा वेळी तो पोस्टकार्ड विकत घेतो. भारतात १ जुलै १८७९ पासून चालत आलेला हा साधा पुठ्ठ्याचा तुकडा म्हणजे गरिबाचे विद्यापीठच होते. तो मायना लिहितो आणि चांगदेवांप्रमाणेच तिथेच अडतो. 'आदरणीय' लिहावे की 'श्री.' लिहावे, हेही त्याला ठरविता येत नाही. पुढचा मजकूर तर त्याहून कठीण. आपल्याला काय येत नाही, हेच ज्याला नेमके ठाऊक नाही, त्याने प्रश्न कसा विचारावा?

अशा कोऱ्या पत्रांना सुरेश भट उत्तरे देत. नवोदित कवींच्या रचना ते टपालाने मागवीत, वाचत, दुरुस्ती सुचवीत आणि परत पाठवीत. उर्दू काव्यपरंपरेत गुरूने शिष्याची रचना तपासून सुधारून देण्याच्या या रीतीला 'इस्लाह' म्हणतात. भटांनी ती मराठीत टपालाने चालविली. गुरूच्या घरी राहण्याची सोय नसलेल्या, नागपूरचे रेल्वेभाडे न परवडणाऱ्या शिष्यासाठी त्यांनी टपालपेटीलाच गुरुगृह केले.

'गझलेची बाराखडी'

पत्रे वाढली, की त्यांतले प्रश्न सारखेच असल्याचे ध्यानात येते. गझल म्हणजे काय? दोन ओळींचा शेर कसा बांधावा? यमक कोठे येते? प्रत्येकाला स्वतंत्रपणे तेच तेच लिहिणे एका माणसाच्या आवाक्यातले नव्हे. भटांनी यावर जो मार्ग काढला, तो शिक्षकाला शोभणारा होता. त्यांनी 'गझलेची बाराखडी' नावाची एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती शिकू इच्छिणाऱ्यांना पाठविण्यास आरंभ केला. नाव पाहा. शास्त्र, मीमांसा, सिद्धान्त असले भारदस्त शब्द त्यांनी घेतले नाहीत. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलाला जे आधी शिकवायचे, त्याचे नाव त्यांनी घेतले.

त्या बाराखडीत काय आहे, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे ठरेल. कारण त्यावरून उत्तर देणाऱ्याची वृत्ती कळते. गझल ही दोन-दोन ओळींच्या, किमान पाच शेरांची बांधणी असते. सर्व शेरांचे वृत्त एकच असले पाहिजे. पहिल्या शेराला 'मतला' म्हणतात आणि त्याच्या दोन्ही ओळींत यमक येते. पुढील शेरांत ते दुसऱ्या ओळीत येते. 'काफिया' म्हणजे यमक, त्यानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द किंवा शब्दसमूह म्हणजे 'रदीफ', अर्थात अंत्ययमक. यमकातील स्थिर अक्षराच्या आधी येणारा स्वर कायम राखावा लागतो. त्याला 'अलामत' म्हणतात, भटांनी त्यास 'स्वरचिन्ह' म्हटले. 'चंदन' या शब्दाशी 'जीवन' जुळते, कारण दोहोंत 'न'च्या आधी 'अ' आहे. पण 'दान' जुळत नाही, कारण तिथे 'आ' येतो. हा भेद डोळ्याला सूक्ष्म वाटतो. गाणाऱ्याच्या कानाला मात्र तो तत्काळ खटकतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की प्रत्येक शेर ही स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे. पहिल्या ओळीने विषय मांडावा आणि दुसरीने त्याचा प्रभावी समारोप करावा. एकाच विषयावरच्या पाच कडव्यांना गझलेचे यमक लावले, म्हणून गझल होत नाही.

हे सारे शिकविताना भटांनी दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे, उर्दूतील पारिभाषिक शब्दांना शक्य तिथे मराठी प्रतिशब्द दिले. दुसरी म्हणजे, ज्ञान उघडे केले. गायकांच्या घराण्यांत बंदिश लपवून ठेवण्याच्या, वैद्यांच्या घराण्यांत मात्रा न सांगता मरून जाण्याच्या कितीतरी कथा आपण ऐकल्या आहेत. आपल्या समाजाची त्यात केवढी हानी झाली! अशा समाजात एक कवी आपल्या कारागिरीचे सारे मर्म छापतो आणि अनोळखी माणसाला पाठवितो, ही घटना लहान मानता येणार नाही.

परका साचा की आपली माती?

येथे एक प्रश्न अनेकांच्या मनात येईल आणि तो रास्त आहे. गझल हा अरबी-फारसीतून आलेला काव्यप्रकार. ओवी, अभंग, आर्या, श्लोक, लावणी, पोवाडा अशी समृद्ध संपदा असताना मराठीने तो का स्वीकारावा? आणि स्वीकारला, तर तिचे स्वत्व उरते काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. नीरेपलीकडच्या बारामतीत पंडित कवी मोरोपंत राहिले. आर्येवर हुकमत असलेल्या या रामभक्त कवीने गज्जल वृत्तातही रचना केली. त्यांच्या रामभक्तीला त्यामुळे काही बाध आला नाही. पुढे माधव जूलियन, म्हणजेच माधव त्रिंबक पटवर्धन यांनी या प्रकाराला आधुनिक मराठीत प्रतिष्ठा दिली. ते फारसीचे अध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला आणि १९३३ मध्ये 'गज्जलांजली'. 'छंदोरचना' हा त्यांचा ग्रंथ मराठी वृत्तविचाराचा पाया मानला जातो. हेच माधवराव स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचे खंदे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. फारसीचा कोशकार भाषाशुद्धीचा कैवारी होतो, यात विसंगती नाही. परभाषा ज्याने मुळातून अभ्यासली, त्यालाच आपल्या भाषेत काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विवेक येतो.

माधव जूलियनांच्या गज्जलांत वृत्त होते, यमक होते. परंतु प्रत्येक शेर स्वतंत्र असण्याचा जो गझलेचा प्राण, तो त्यांत बहुधा नव्हता. ते कार्य भटांनी पुरे केले. ते करताना त्यांनी मराठीच्या अंगभूत वृत्तांची कास सोडली नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. सज्जनगडाच्या या जिल्ह्यात असे घर सापडणे कठीण, जिथे ते एखाद्या मुलाने म्हटलेले नाहीत. लघु-गुरु-गुरु या क्रमाची चार आवर्तने, ही त्याची रचना. उर्दू-फारसीत 'मुतकारिब' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहराची मांडणीही हीच. म्हणजे जे मूल संध्याकाळी दिव्यापुढे मनाचे श्लोक म्हणते, त्याच्या कानात गझलेच्या एका वृत्ताची लय आधीच पेरलेली असते. लघु-गुरु मोजणे ही परकी विद्या नाही. ती आपल्याच छंदःशास्त्राची विद्या आहे.

बाहेरून आलेली गोष्ट स्वीकारताना समाजासमोर दोन धोके असतात. एक म्हणजे आंधळे अनुकरण आणि दुसरा म्हणजे आंधळा नकार. नियम समजून घेऊन, त्यांना आपल्या भाषेच्या प्रकृतीत बसवून, मग ती वस्तू आपली करणे हा तिसरा मार्ग आहे, आणि हिंदू समाजाने आपल्या बहराच्या काळात नेहमी तोच चोखाळला. बाजाची पेटी युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय आपले भजन-कीर्तन उभे राहत नाही. भटांच्या हातून गझलेचे तेच झाले आणि ते केवळ स्वतः उत्तम लिहिल्याने झाले नाही. एका कवीने लिहिलेली परकी चीज त्याच्याबरोबर संपू शकते. गावोगावच्या शेकडो हातांनी ती लिहिली, म्हणजे ती भाषेची होते. त्या हातांपर्यंत बाराखडी पोहोचविण्याचे काम टपालाने केले.

गोड उत्तर आणि खरे उत्तर

चाहत्यांच्या पत्राला उत्तर देणे म्हणजे 'आपले पत्र वाचून आनंद झाला' एवढे लिहून खाली स्वाक्षरी करणे, असा आपला समज असतो. ते सौजन्य आहे आणि तेही दुर्मिळ झाले आहे. पण चाहता जेव्हा शिष्य होऊ पाहतो, तेव्हा त्याला सौजन्य पुरत नाही. त्याला चूक दाखविणारा हवा असतो.

भटांचा स्वभाव तिखट होता, हे त्यांच्या मित्रांनीही लपविलेले नाही. वृत्तात ढिलाई, भरतीचे शब्द, उसनी वेदना यांची त्यांना चीड होती. वादाला ते कचरत नसत. प्रस्थापितांशी त्यांचे फारसे जमले नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. विचारांनी ते कोणत्याही एका छावणीचे नव्हते. समाजातील विषमतेविरुद्ध त्यांनी प्रखर शब्दांत लिहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शब्दवंदना वाहिली आणि उत्तरायुष्यात बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. त्यांचीही तशी अपेक्षा नसती. परंतु शिकविताना त्यांनी समोरच्याची जात, पक्ष, गाव वा श्रीमंती पाहिली नाही, हे मात्र मान्य करावे लागते. पत्रावरून त्यांना एकच गोष्ट पाहायची असे, की याला लिहायचे आहे काय आणि शिकायचे आहे काय. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. अनोळखी माणसाची वही समोर ओढून तिच्यातली मात्रा दुरुस्त करणे, ही समरसतेची कृती आहे.

या कार्याची एक किंमत होती, तिचाही विचार झाला पाहिजे. 'रूपगंधा' १९६१ चा, 'रंग माझा वेगळा' १९७४ चा, 'एल्गार' १९८३ चा आणि 'झंझावात' १९९४ चा. दोन संग्रहांमध्ये नऊ, अकरा, तेरा वर्षांचे अंतर आहे. जो वेळ दुसऱ्यांच्या ओळी सुधारण्यात गेला, तो त्यांनी स्वतःच्या ओळींना दिला असता, तर मराठीला आणखी एखादा संग्रह मिळाला असता, असे कोणी म्हणू शकेल. दुसराही आक्षेप घेतला जातो. बाराखडी हाती आल्याने तंत्र सोपे झाले आणि तंत्रशुद्ध, पण निष्प्राण गझलांचे पीक आले. हा आक्षेप अगदी निराधार नाही. नियम शिकविता येतात, अनुभव शिकविता येत नाही. शिष्यांपैकी अनेकांना गुरूच्या सावलीतून बाहेर पडता आले नाही, हेही खरे.

पण मग दुसरा पर्याय कोणता होता? बाराखडी शिकून सगळेच काही ज्ञानेश्वर होत नाहीत, म्हणून कोणी शाळा बंद करीत नाही. शंभर मुले अक्षरे गिरवितात, तेव्हा त्यांतून एखादा लिहिता होतो. उरलेल्या नव्याण्णवांना निदान वाचता येते. चांगला कवी जितका दुर्मिळ, तितकाच चांगला श्रोताही दुर्मिळ असतो. भटांच्या उत्तरांनी कवी किती घडविले, याचा हिशेब समीक्षक करतील. त्यांनी लघु-गुरु ओळखणारे, चुकलेल्या यमकाला अडखळणारे आणि नेमक्या शेराला दाद देणारे रसिक मात्र नक्कीच घडविले, आणि आजच्या मराठी गझल मैफलींतील सभागृहे याच रसिकांमुळे भरतात.

याच दक्षिण महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावे. सांगली जिल्ह्यातील दुधगाव हे इलाही जमादारांचे गाव. १९४६ साली जन्मलेल्या आणि २०२१ मध्ये निवर्तलेल्या या कवीने आयुष्यभर मराठी गझलेची उपासना केली. भटांनी मराठी गझलेचे जे शेत नांगरले, त्यात आलेले हे एक कसदार पीक. विदर्भातच घडलेल्या भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलगायनाला स्वतंत्र मैफलीचे रूप दिले आणि ती गावोगावी नेली. अमरावतीत उगम पावलेला प्रवाह वारणाकाठापर्यंत कसा येतो, याचे हे उत्तर आहे. भाषा ही अशी जोडणारी शक्ती आहे.

कार्यकर्त्याचे पोस्टकार्ड

पत्रोत्तराची ही साधना कवींपुरती मर्यादित नाही. संघकार्याशी परिचित असलेल्या घरांना श्रीगुरुजींच्या पत्रव्यवहाराविषयी वेगळे सांगायला नको. अखंड प्रवास, बैठका आणि दुखणी यांतूनही त्यांनी असंख्य कार्यकर्त्यांच्या पत्रांना उत्तरे दिली. 'पत्ररूप श्रीगुरुजी' या ग्रंथातून त्यांचे अंतरंग आजही वाचता येते. त्या पत्रांत तत्त्वज्ञान आहे तसे आजाऱ्याची विचारपूस आहे, विवाहाला शुभेच्छा आहेत आणि चुकणाऱ्याला हळुवार समज आहे. एखाद्या आडगावच्या कार्यकर्त्याला नागपूरहून आलेले ते पत्र वर्षानुवर्षे पुरत असे. संघटना परिपत्रकांनी चालते, पण टिकते ती अशा वैयक्तिक शब्दांनी.

सुरेश भट आणि श्रीगुरुजी यांची जीवनदृष्टी निराळी, कार्यक्षेत्रे निराळी. एकाची दुसऱ्याशी तुलना करण्याचे प्रयोजन नाही. तरीही नागपूरच्या रेशीमबागेने एक योग जुळवून आणला आहे. जिथे डॉक्टर हेडगेवार आणि श्रीगुरुजी यांची स्मृतिस्थाने आहेत, त्याच रेशीमबाग परिसरात कविवर्य सुरेश भट सभागृह उभे राहिले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १४ मार्च २००३ रोजी नागपुरात अखेरचा श्वास घेणाऱ्या या कवीला त्याच्या शहराने दिलेली ही मानवंदना होय. त्याआधी २०१० मध्ये कौशल इनामदार यांनी संगीतबद्ध केलेल्या मराठी अभिमानगीताच्या रूपाने त्यांचे शब्द शेकडो गायकांच्या कंठांतून घुमले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा कितीतरी ठिकाणी आनंदोत्सवात तेच गीत गायले गेले.

आपल्या दाराशी आलेले पत्र

सज्जनहो, सभागृहाला नाव देणे सोपे असते. त्या नावामागचा गुण अंगी आणणे कठीण. आज पोस्टकार्ड जवळजवळ दिसेनासे झाले आहे. त्याचा शोक करण्यात अर्थ नाही. साधने बदलतच असतात. चिंता वेगळीच आहे. आज एखादा विद्यार्थी आपली कविता, आपला प्रश्न, आपले चित्र मोबाईलवरून क्षणात शंभर जणांना पाठवू शकतो आणि शंभर अंगठे क्षणात उमटतात. त्या शंभरांपैकी एकही जण त्याला सांगत नाही, की तिसऱ्या ओळीत तुझी मात्रा चुकली आहे. प्रशंसा स्वस्त झाली आहे आणि उत्तर महाग. शंभर अंगठे मिळूनही त्या मुलाची वही कोरीच राहते.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी एक छोटी विनंती करावीशी वाटते. ज्याला जे येते, त्याची बाराखडी त्याने आपल्या गावातल्या मुलांसाठी उघडी करावी. ज्याला तबला येतो त्याने तबल्याची, ज्याला संस्कृत येते त्याने संस्कृतची, ज्याला शेती कळते त्याने शेतीची. निवृत्त शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, बँकेतून वा रेल्वेतून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी आठवड्यातील एक तास यासाठी राखून ठेवावा. एखाद्या मुलाने लाजत लाजत वही पुढे केली, तर 'छान आहे हो' असे म्हणून ती मिटू नये. बसवून घ्यावे, एक ओळ सुधारून द्यावी आणि ती का सुधारली, हे सांगावे. कदाचित त्या मुलाला नेमके काय विचारायचे आहे, हे त्यालाच ठाऊक नसेल. चांगदेवांनाही ते ठाऊक नव्हते.

येत्या आषाढात माउली पुन्हा लोणंदला येतील. पालखीच्या दर्शनासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहताना एवढे स्मरावे, की ज्यांच्या पादुकांवर आपण मस्तक ठेवतो आहोत, त्यांनी एका कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले होते. आपल्याकडून पासष्टांची अपेक्षा कोणी करीत नाही. आपल्या दाराशी आलेल्या कोऱ्या पत्राला चार ओळींचे उत्तर आपण दिले, तरी माउलींची सेवा घडेल.